आधी काकांच्या हनुवटीला

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिच्या मानेच्या वळ्यांत घामोळं उठलं आणि बघता बघता कातडी लाल, ओलसर झाली. मी मालवणकडची, शाळा सातवीत सुटलेली, नवऱ्याच्या नोकरीपायी देऊळगाव राजाला आलेली. नवरा सकाळच्या एसटीने जालन्याला जाई. आई फोनवर होती, पण तीच माझ्याआधी रडायची.

धीर द्यायला शेजारच्या काकू. माझे डिंकाचे लाडू त्यांनी वळले, बाळाला पहिले तीन महिने त्यांनीच न्हाऊ घातलं. अशा बाईला ‘नको’ कसं म्हणायचं, हे सातवीपर्यंत तरी शिकवत नाहीत.

“काऊन रडून राह्यली पोरगी?” म्हणत त्या आल्या. मान पाहिली. “कोरफड लावू. गार पडते.”

आणि नजर लागू नये म्हणून स्वतःच्या दारावर उलटी टांगलेली कोरफड त्यांनी उतरवली. त्याच दोऱ्यात लिंबू आणि हिरव्या मिरच्या. त्या ओढून काढताना दोन मिरच्या चुरडल्या. त्याच बोटांनी काकूंनी पान मोडलं. पिवळा चीक मनगटावर ओघळला.

त्यांचा तो मिरचीचा हात बाळाकडे वळला आणि मी बोलून गेले, “काकू, आमच्या कोकणात आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला लावतात, मग बाळाला!”

अशी काही रीत कोकणात नाही. मी ती उभ्या उभ्या तयार केली.

काका म्हणजे तहसीलमधले निवृत्त कारकून. नुकतीच दाढी करून ओट्यावर पेपर वाचत होते. आपला मान आहे म्हटल्यावर त्यांनी हनुवटी पुढे केली. “लाव. कोरफडीनं काय होते?”

काकूंनी चांगली चोळून लावली.

“गार आहे,” काका म्हणाले. मग पेपर खाली पडला. “काय लावलं वं हे मले!” म्हणत ते नळाकडे धावले.

“नोकरीत असे पळाले असते तं साहेब झाले असते,” काकू म्हणाल्या. मी हसले. मग काकूंनी स्वतःची बोटं पाहिली. “पोरीच्या मानेले लावलं असतं तं...”

आम्ही लगेच बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. काका हनुवटीवर ओला पंचा धरून सोबत. डॉक्टरांनी आधी त्यांनाच तपासायला घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी सांगितलं, कोरफडीचा गर थंड असला तरी पानातला पिवळा चीक कातडीला झोंबतो. सोललेल्या जागी तर काहीच घरगुती लावायचं नाही. बाळ चाटेल तिथेही नाही. धडधाकट कातडीवर लावायचंच असेल, तर चीक पूर्ण निथळून, धुऊन, आधी थेंबभर लावून दिवसभर बघायचं, तेही विचारून. “आणि मिरची कुठेच नाही,” ते काकूंना म्हणाले. त्यांनी मलम दिलं, मान कोरडी ठेवायला सांगितलं.

घरी काकूंनी साबणाने तीनदा हात धुतले, ट्यूब उघडली आणि थांबल्या.

“थांब पोरी. तुमच्या कोकणातली रीत राह्यली.”

काकांनी एका हाताने हनुवटी झाकली आणि दुसऱ्या हाताचं मनगट पुढे केलं.

चार दिवसांत बाळाची मान सुकली. रीत खोटी होती, हे मी अजून सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात गल्लीतल्या दुसऱ्या बाळाला पावडर आणली, तर ते लोक डबा घेऊन आधी काकांकडे आले.