ताईची सुट्टी मी लांबवली

ताई माझ्याहून मोठी, दुसरबीडला दिलेली. पित्ताशयातल्या खड्यांनी ती बेजार झाली, तेव्हा मीच तिला चिखलीला आणून एका दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. ते चांगलं झालं. ताई हिंडूफिरू लागली, भाकर मागू लागली. एके सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता यांना सुट्टी देऊ."

मी म्हणालो, "साहेब, राहू द्या अजून थोडे दिवस. तिकडे सोयाबीन सोंगणं चालू आहे. घरी गेली की ही मजुरांच्या भाकरी थापायला बसेल."

"गरज नसताना दवाखान्यात ठेवू नये माणसाला," डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले, तेव्हा ते नाइलाजानं हो म्हणाले.

"मले काऊन ठेवून राह्यले रे भाऊ हे डॉक्टर? चांगली तं हाय मी."

"पडून राहा गप," मी म्हणालो. आपण बहिणीची किती काळजी घेतो, असं वाटून मला बरंही वाटत होतं.

सलाईनची सुई तिच्या हातात तशीच होती. एके दुपारी सुईभोवतीची जागा लाल दिसली, आणि थोड्याच वेळात ताईला अशी हुडहुडी भरली की खाट हलू लागली. रक्त तपासलं. रक्तात जंतू निघाले, आणि नेहमीची कुठलीच औषधं त्यांना मारत नव्हती.

"असे जंतू घरून येत नाहीत. दवाखान्यातच लागतात," डॉक्टर खाली बघत म्हणाले. मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिला संभाजीनगरला हलवलं. गाडीत ती मला ओळखत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एक इंजेक्शन लागू पडेलसं दिसतं, पण त्यानं कान जाऊ शकतात. दाजी माझ्याकडे बघू लागले. घरात शिकलेला मीच. मी म्हणालो, द्या.

ताई वाचली. कान मात्र जवळजवळ गेले.

आता भेटायला येईल त्याला ती सांगते, "भावानं वाचवलं मले. लय धावला माह्यासाठी." दाजी मान डोलावतात. सुट्टी कुणी लांबवली, हे त्यांनाही माहीत नाही.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो. स्वयंपाकघरात ती एकटीच होती. मी म्हणालो, "ताई, डॉक्टर तुला आधीच घरी सोडत होते. मीच..."

तिनं कानामागं हात धरला. "काय म्हनतो? मोठ्यानं बोल."

मी आवाज चढवला. "डॉक्टर तुला..." ओसरीवर बसलेल्या दाजींनी वळून आत पाहिलं.

"चहा ठेव म्हणलं," मी ओरडलो.

"मंग तसं सांग ना," ती हसली आणि पातेलं घ्यायला उठली.