माडावर गप्प बसलेला तामुएरा

प्रशांत महासागरातल्या किरिबास बेटांवर माडावर चढलेल्या माणसाने गायलंच पाहिजे. गळा गोड असो की फाटका, कुणी विचारत नाही. खाली विहिरीवर बायका आंघोळ करत असतात, वर कुणीतरी आहे हे त्यांना कळावं, एवढ्यासाठीच हे गाणं. वर जाऊन गप्प बसतो तो एक तर दुसऱ्याची माडी चोरणारा, नाहीतर डोळे फाडून बघणारा. तामुएरा यातला कुणीच नव्हता, तरी तो गप्प होता.

पावसाने दडी मारली होती त्या सुमारास त्याची बायको तेरेंगा तापाने गेली. रिवाजाप्रमाणे तिला घरासमोरच पुरलं, वर पांढरी खडी पसरली. तामुएरा रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. तो रोज उठायचा, माडावर चढायचा, पोयीच्या, म्हणजे माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याच्या, टोकाची पातळ चकती कापायचा, भरलेली बाटली सोडवून रिकामी बांधायचा आणि उतरायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. मुलीने पुढ्यात भात-मासा ठेवला की खायचा, नाही ठेवला तर मागायचा नाही. दुःख झालंय असंही त्याला वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. आपलं गाणं बंद पडलंय हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, पण यावर गावात कोण विश्वास ठेवणार?

एका संध्याकाळी तेरेंगाची धाकटी बहीण आकोया विहिरीवर डोक्यावर पाणी ओतून घेत होती. सहज वर पाहिलं, तर झावळ्यांत दोन पाय.

"अगं बाई, वर कोणीतरी आहे!" ती किंचाळली, आणि विहिरीवर एकच पळापळ झाली.

दुसऱ्या दिवशी मानेआबात, गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, सगळे जमले. म्हाताऱ्यांतला थोरला बेनियाता म्हणाला, "तामुएरा, तुझ्या मनात पाप नाही, आम्हाला ठाऊक आहे. पण रीत म्हणजे रीत. आज संध्याकाळी मी स्वतः माडाखाली येऊन बसतो. गा. नाही गायलास, तर तुझ्या माडांची माडी यापुढे तुझा पुतण्या काढेल."

तामुएराने मान डोलावली. घरी जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, चार ओळी म्हणायच्यात फक्त. त्यात काय एवढं?"

"म्हणतो ना," तो म्हणाला. माड गेले तर सकाळी उठून करायचं काय, एवढं एकच त्याला जरासं टोचत होतं. बाकी सगळं बधिर होतं, फार वेळ मांडी घातलेल्या पायासारखं.

संध्याकाळी बेनियाता चटई घेऊन आला. विहिरीवर नेहमीपेक्षा जास्त बायका होत्या, आणि आंघोळीला आल्या म्हणावं तर एकीचंही अंग ओलं नव्हतं. तामुएरा वर चढला, खाकरला आणि त्याने पहिली ओळ म्हटली. आवाज बरा लागला. मग तो थांबला.

सगळे वाट बघत राहिले. त्याने पुन्हा पहिलीच ओळ म्हटली, आणि पुन्हा तिथेच थांबला.

"विसरला वाटतं," एक बाई कुजबुजली. बेनियाताने चटईवर बोटं वाजवली.

आकोयाच्या मात्र लक्षात आलं. इतकी वर्षं हा पहिली ओळ म्हणायचा, तेव्हा चुलीपाशी बसलेली तेरेंगा खालून त्याला एक खणखणीत टोमणा हाणायची, आणि मग हा चेकाळून दुसरी ओळ दुप्पट मोठ्याने म्हणायचा. मेला टोमण्याची वाट बघतोय! तिने बादली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "अहो भावजी, बास करा! काय केकाटताय डुकरासारखे!"

वरून तामुएराचा आवाज आला, साधा, बोलण्यातला. "ती असं नाही म्हणायची."

"मग काय म्हणायची?"

"म्हणायची..." तो अडखळला. "म्हणायची, गप रे, मासे पळाले सगळे, आता रात्री तुझं गाणंच उकडून घालते तुला."

तिचं वाक्य त्याच्याच तोंडून बाहेर पडलं, आणि खालून कुणी हसलं नाही. चुलीपाशी कुणी नव्हतं. तेरेंगा मेली, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली आणि तो रडायला लागला. बाटली कलंडून माडी खाली सांडली, बेनियाताच्या चटईवर. त्याचं रडणं काही थांबेना. लहान मूल भोकाड पसरतं तसा रडत होता, पार समुद्रापर्यंत ऐकू जाईल असा.

बेनियाता उठला. त्याने ओली चटई गुंडाळली आणि आकोयाकडे बघितलं. "याला गाणं म्हणायचं का गं?"

आकोयाने डोळे पुसले, बादली उचलली आणि बायकांकडे वळली.

"पाठी फिरवा गं सगळ्या," ती म्हणाली. "वर माणूस आहे."