हरभरा आणि देश्कांपादु

आमचा हरभरा पोर्तुगीज भाषेमुळे गेला.

माझे साडू दत्तूभाऊ लिस्बनला मुलीकडे राहून आले आणि कळसाडीत माझा भाव उतरला. तोवर औषधाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचायला अख्खं गाव माझ्याकडे यायचं. (कळायचं अर्धंच, पण वाचायचो झोकात!) आता सगळे दत्तूभाऊंच्या तोंडाकडे बघत.

त्यांना शेतावर भाजलेला ओला हरभरा खायला बोलावलं. म्हणजे माझ्या बायकोनेच बोलावलं. बसल्या बसल्या भाऊंनी शेजारच्या उजाड रानाकडे बोट केलं. "याला तिकडे देश्कांपादु म्हणतात. झाड नाही, भिंत नाही, चहूकडून वारा."

मी लगेच 'एक्सपोज्ड' टाकला. त्यांनी 'देश्प्रुतेझीदु' काढला, म्हणजे ज्याला कुणाची राखणच नाही असं. मी 'अनप्रोटेक्टेड' म्हणालो.

बायको म्हणाली, "तुमना शब्द जुना व्हई ग्यात. दाजीना कसा नवा शेतस!"

माझ्या पोटात जी आग पेटली, तिच्यावर आणखी पायलीभर हरभरा भाजून निघाला असता! मी हुकमाचं पान काढलं, 'व्हल्नरेबल'. कुणालाच कळेना. मग उठलो आणि आमच्याच बांधावर कुंपण म्हणून लावलेले बाभळीचे काटे ओढून बाजूला केले. "मघाशी हे शेत सुरक्षित होतं. आता व्हल्नरेबल!"

आमच्याकडे मालकाने स्वतः काटे काढले, की त्याने रान चरायला सोडलं असं समजतात. विचारायची रीत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण त्या क्षणी मी इंग्लंडात होतो.

'व्हल्नरेबल' भारी की 'देश्प्रुतेझीदु', यावर आमची जुंपली आणि रस्त्याने चाललेलं बकऱ्यांचं खांड आत शिरलं. बायकोच्या वर्षभराच्या डाळीचा हरभरा तो! मी हातवारे करत धावलो. बकऱ्यावाली म्हातारी शांतपणे म्हणाली, "मालक, तुमीज काटा काढात. मी समजनू रान मोकयं शे."

बकऱ्या निघाल्या तेव्हा देठसुद्धा उरले नव्हते. माझ्याकडे न बघता बायकोने विचारलं, "दाजी, आते याले काय म्हनतस?"

भाऊ हळहळत म्हणाले, "आता हे खरं देश्कांपादु."

तिने मान डोलावली. शेत माझं, नुकसान माझं, आणि शब्द त्यांचा!

हल्ली मी मोबाइलवर पोर्तुगीज शिकतोय. पुढच्या वेळी शेत गेलं, तर त्याला काय म्हणतात हे निदान मला आधी सांगता आलं पाहिजे.