दिरांच्या मेंदूतल्या आडवाटा

गेल्या वर्षी आमच्या घरातल्या दोघा भावांना पक्षाघाताचा झटका आला. आधी कोपरला राहणाऱ्या मोठ्या दिरांना, मग दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याला. दोघांची मेंदूच्या डाव्या बाजूची तीच नस गुठळीने बंद झालेली, दोघंही वेळेत हॉस्पिटलात पोचलेले. दीर महिन्याभरात आमचा जिना चढून चहाला आले. नवऱ्याचा मात्र उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

दीर जन्मभर तंबाखू खाणारे. माझा नवरा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा.

दोघांनाही तपासलेल्या डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "त्यांना सगळं परत मिळालं, मग यांना का नाही?"

"मोठी नस बंद झाली की आजूबाजूच्या बारीक नसा आडवाटेने रक्त पोचवतात. तुमच्या दिरांच्या चांगल्या आहेत, यांच्या कमी पडल्या."

"रक्त तपासून आधी कळलं नसतं?"

"रक्तात तशा खुणा शोधणं चालू आहे. पण आज भरवसा ठेवावा अशी तपासणी नाही."

एका आईच्या पोटचे दोघे, आणि चांगल्या नसा एकट्या दिरांना! जाऊबाई फोनवर म्हणायच्या, "आज यांनी स्वतः भाजी आणली." मी "अरे वा" म्हणायचे आणि फोन ठेवून कणकेवर राग काढायचे.

रोज सकाळी मी नवऱ्याला चित्रं दाखवायचे. कप, पंखा, आमच्या लग्नातला फोटो. तो ओठ हलवायचा, नुसतं "तं, तं" निघायचं.

एका रविवारी दीर आणि जाऊबाई वालाचं बिरडं घेऊन आले. जाऊबाईंनी डबा उघडून माझ्या नवऱ्यापुढे धरला. तो हसला आणि स्पष्ट म्हणाला, "वहिनी."

जाऊबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. दीर ओरडले, "अगं, बोलला तो!"

मी ताटं आणायच्या निमित्ताने आत गेले. इतके महिने घास मी भरवले, आणि पहिला शब्द जाऊबाईंच्या वाट्याला. आनंद झाला होता, पण घशाखाली उतरत नव्हता.

जाऊबाई मागोमाग आल्या. "मी रोज येत जाऊ का गं? माझ्याशी बोलतोय तर..."

नको म्हणायचं होतं. "या," म्हटलं.

त्या येतात. आता तो चहा, पाणी, नको, असं बोलतो. मलाही हाक मारतो, पण बऱ्याचदा "वहिनी" म्हणून. मी दुरुस्त करते. जाऊबाईंना हसू येतं, मला येत नाही.