बंड्याच्या बिस्किटांचं गिऱ्हाईक

माझ्या थोरल्या दिरांनी उघडला नाही असा डबा अख्ख्या नातेवाइकांत सापडणार नाही. दहिसरहून आमच्याकडे मुलुंडला आले की चपला दाराशी आणि भाऊजी थेट ओट्याशी. पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याहून नंतर. "माणसं काहीही सांगतात गं, डबे खोटं बोलत नाहीत," असं म्हणत चिवडा, लोणचं, भाजणी, जे हाताला लागेल त्याची चिमूट तोंडात जायची आणि निकाल जागच्या जागी लागायचा. माझ्या भावाच्या लग्नात ते कढईपाशी जाऊन "जिरं जळलं रे तुझं" असं आचाऱ्याला सांगून आले. त्याला वाटलं, हेच मुलीचे वडील. बिचाऱ्याने निमूट डाव त्यांच्या हातात दिला. एकदा तर कुणाच्या तरी घरी त्यांनी कोरडी मेंदी चटणी समजून चाखली. थुंकायचं सोडून म्हणाले, "लसूण कमी पडलाय."

मागल्या वर्षी जाऊबाई गेल्या आणि भाऊजींचा हात थांबला. आम्ही त्यांना मुलुंडला घेऊन आलो. अर्धी पोळी, दोन घास भात, की "पुरे". महिन्याभरात शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. डॉक्टरांनी ताकदीची पावडर दिली, मी सोलकढीपासून बांगड्याच्या तिखल्यापर्यंत सगळं करून पाहिलं. ताट तसंच परत. मला रडारड जमत नाही. मला माणूस जेवलेला लागतो. आणि हा माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

बंड्या हा माझ्या मुलीचा कुत्रा. त्याला बाहेरची बिस्किटं सोसत नाहीत, म्हणून मी घरीच करते. नाचणीचं पीठ, अंडं आणि कुटलेली सुकट, मीठ अजिबात नाही. साचा मुलीने आणलेला, हाडाच्या आकाराचा. एका दुपारी स्वयंपाकघरात झाकण वाजलं. जाऊन पाहते तर भाऊजी चहात बुडवून चौथं बिस्कीट खात होते आणि बंड्या समोर बसून प्रत्येक घासाबरोबर मान खालीवर करत होता.

"सुकटीची बिस्किटं! आमच्या गावात नसतं सुचलं कुणाला," भाऊजी म्हणाले. "मीठ विसरलीस मात्र. आणि हा आकार कसला गं? सरळ शंकरपाळी कापता येत नाहीत तुला?"

मुलीने मला गॅलरीत ओढलं. "आई, सांग ना काकांना! वाट लागेल यार."

"नाचणी, अंडं, सुकट. यात कुणाची वाट लागते? खातायत ना? मग गप्प बस."

आठ दिवस मी रोज दोन घाणे काढले. बिस्किटांमागून भात आला, भातामागून "आमटी वाढ गं जरा" आलं. मी खूश होते. पण नवव्या दिवशी भाऊजींनी डबा पिशवीत घातला. म्हणाले, बागेतल्या मंडळींना चव दाखवतो. आता मात्र बोलणं भाग होतं. आपल्या माणसाला फसवणं निराळं, बागभर म्हाताऱ्यांना निराळं.

"भाऊजी, ती बंड्याची आहेत."

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा अर्धी पोळी.

"मग आठ दिवस हा काय खात होता?"

"हेच. तुम्ही आणि तो एकाच पंगतीला."

ते इतके हसले की बंड्या भुंकायला लागला. मग डोळे पुसत खुर्चीवर बसले.

"ही असती तर बाहेरच्या खोलीतून ओरडली असती, अहो, ते नको! चाळीस वर्षं ओरडायची. म्हणून तर मी कुठेही बिनधास्त हात घालायचो गं."

बोलता बोलता भाऊजींचा हात पुन्हा त्याच झाकणाकडे गेला होता.

"अहो भाऊजी, ते नको," मी म्हटलं, आणि मीठ घालून दुसरं पीठ मळायला घेतलं.