आत्याचा आरोग्य परवाना

खानदेशात राहून धुळीशी भांडण मांडणारं माणूस आजवर जन्मलं नव्हतं. ते आमच्या घराण्यात जन्मलं, आणि जन्मलं तेही धुळ्यात. ही माझी सख्खी आत्या. लग्न होऊन ती जळगावला मेहरूणमध्ये आली, तिथेच सत्तरी ओलांडली, पण धुळ्याची बोली तिनं सोडली नाही आणि हातातलं ओलं फडकंही सोडलं नाही. केळीच्या मुलखात राहून सोलण्याआधी केळं धुणारी ती एकटीच असावी. एकदा एका बागाईतदाराच्या घरी त्यानं स्वतःच्या बागेतलं केळं मोठ्या प्रेमानं पुढे केलं, तर ही उठून नळाकडे! तो बिचारा म्हणाला, "अक्का, सालीच्या आत माती जात नाही हो." आत्या म्हणाली, "बठ्ठा गावना हात लागेल शेतस याले!" साऱ्या गावाचे हात लागलेत म्हणे त्याला. हिवाळ्यात शेतावर भरिताची पंगत ठरली की वांगी धुण्याचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. कपाशीच्या काट्यांच्या जाळावर वांग्यांचा कोळसा व्हायचा असतो, वरची साल काढून फेकायची असते, हे तिला सगळ्यांनी समजावून पाहिलं. "जळू दे ना," ती म्हणे, "पन धुयेल जळू दे." पाचोऱ्याच्या एका लग्नात तिनं पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडून आत डोकावलं, तेव्हा यजमानांचा चेहरा असा झाला होता की जणू नवरदेवच पसंत पडायचा राहिला आहे. आत्यानं मान डोलावली, आणि मगच पंगतीतल्या बायकांनी पेले उचलले.

हा छंद तिला मुळातच होता, पण त्याला धार आली ती फुवांच्या आजारपणात. फुवा म्हणजे तिचे यजमान. त्यांच्या ऑपरेशनसाठी दोघं मोठ्या शहरात गेली आणि दवाखान्याजवळच्या एका लॉजवर उतरली. ऑपरेशन उत्तम झालं, आणि लॉजच्या पाण्यानं कावीळ झाली. फुवा त्यातून उठले, पुढे बरीच वर्षं जगलेही, पण त्या खोलीतली चादर, ती बादली, तो वास आत्याच्या मनातून गेला नाही. फुवा गेले, मुलं पुण्याला स्थिरावली, वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा तिनं जाहीर केलं की वरच्या खोल्या ती रोजच्या भाड्यानं देणार; दवाखान्यात पेशंट घेऊन येणाऱ्यांना. आणि आरोग्य परवाना मिळाल्याखेरीज एकाही माणसाला वर पाय ठेवू देणार नाही.

शेजारचे भाऊ भला माणूस. ते म्हणाले, "अहो, दारावर पाटी लावा, मोबाईलवर फोटो टाका. परवाना इचारतो कोण?"

"मी इचारस ना!" आत्या म्हणाली.

मग सुरू झाली तिची मोहीम. मी जळगावातच असल्यामुळे तिला कचेरीत नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. पाणी तपासून झालं, कीटकनाशकाची फवारणी झाली, खिडक्यांना जाळ्या बसल्या. काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी लागते असं कळल्यावर ती झाडलोट करणाऱ्या शकीलाबींना घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर स्वतःलाही तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात." आत्या म्हणाली, "तेच लिखी द्या ना, सही-शिक्कासंगे." कचेरीतले लोक तिला इतके ओळखू लागले की ती दिसताच कुणीतरी खुर्चीवरची धूळ झटकत असे.

तपासणीचा दिवस ठरला, त्याच्या आदल्या संध्याकाळी बोदवडहून आलेली एक बाई दारात उभी राहिली. नवरा दवाखान्यात, आणि ही तिथल्याच व्हरांड्यात सतरंजीवर दिवस काढत होती. आत्यानं तिला शब्द दिला, "उद्या ये. खोली तुनीच."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब आले. आत्यानं त्यांना दारातच बूट काढायला लावले. साहेबांनी न्हाणीघर पाहिलं, झाकणाच्या कचराकुंड्या पाहिल्या, उन्हात वाळलेल्या चादरींना हात लावून पाहिला, आणि प्रसन्न होऊन कागदावर शेरा लिहायला पेन काढलं. मी मनात पेढे वाटून मोकळा झालो.

"साहेब," आत्या म्हणाली, "वरली टाकी ऱ्हायनी ना."

"अक्का, पाण्याचा अहवाल चांगला आहे. तेवढा पुरतो."

"अहवाल बाटलीना शे साहेब. टाकीना नही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. शेवटी ते लोखंडी शिडी चढले. वाकून त्यांनी टाकीत पाहिलं. मग ते म्हणाले, "अक्का, झाकणाला तडा गेलाय. आत कबुतराचं पीस आहे."

मी डोक्याला हात लावला. आत्या मात्र खालून शांतपणे म्हणाली, "मंग लिखा. जे दखं ते लिखा."

परवाना अडला. मी तिच्यावर चिडलो. "मिळत होता तो परवाना तू घालवलास! आता त्या बाईला काय सांगणार?" बाई आली, तेव्हा आत्यानं तिला वर नेलंच नाही. आपल्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर जागा दिली आणि आपण खाली गादी टाकली. मला म्हणाली, "वर गिऱ्हाईक, खाले पाहुनी. पाहुनीले परवाना लागत नही."

लगेच नवं झाकण आलं, टाकी घासून निघाली. साहेब पुन्हा आले ते कुणी न सांगता थेट शिडीकडेच गेले. उतरल्यावर त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. परवाना हातात आला त्या दिवशी तिनं तो जिन्याशी टांगला आणि शेजारच्या भाऊंना बोलावून मोठ्यानं वाचायला लावला. भाऊंनी दोनदा वाचला. मीही ताठ उभा राहून ऐकत होतो. आमच्या घराण्यात पदव्या पुष्कळ आल्या, पण माझी छाती त्या दिवशी जितकी फुगली तितकी कधीच नाही.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच बोदवडची बाई. ती वर गेली त्या दुपारी मी सहज डोकावलो, तर आत्या जिन्यात बसलेली. फडकं नाही, बादली नाही, नुसती बसलेली. मी काही बोलणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपनी शे ती," ती कुजबुजली. मी तिच्याखालच्या पायरीवर बसलो. वरच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता. तो ऐकत आत्या म्हणाली, "तुना फुवाले त्या लॉजमा एक दुपार बी अशी झोप लागनी नही रे."

निघताना मी स्कूटरला किल्ली लावली, तशी ती दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "चालू करू नको. ढकलत लई जाय."

भर उन्हात गल्लीच्या टोकापर्यंत मी ती स्कूटर ढकलत नेली. वळून पाहिलं, तर आत्या पुन्हा जिन्याकडे निघाली होती, पायांचा आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन.