अडचणींच्या वहीचा चौथा रकाना

९ डिसेंबर २००१. सकाळी धुकं. माहुलीचा डोंगर साडेनऊपर्यंत दिसला नाही. नंतर कोरडं ऊन, वारा नाही.

आज क्लासला सुट्टी, म्हणून अडचणींची वही काढून बसलो. शहापूरच्या एसटी स्टँडमागे माझा टायपिंगचा क्लास आहे. चार वर्षांपूर्वी त्यात दोन कॉम्प्युटर घेतले आणि पुस्तकं वाचून व्हिज्युअल बेसिक शिकलो. विंडो, बटणं आणि भरायचे रकाने असलेले छोटे प्रोग्राम त्यात बनवता येतात. शिकवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे एकदा सापडलेली चूक पुन्हा शोधायला लागू नये म्हणून ही वही सुरू केली. तीन रकाने आखले: काय झालं, का झालं, काय केलं.

पण चूक झाली की माणूस बोलतोच! आणि ते लिहायला वहीत जागा नव्हती. शेवटी जुलैमध्ये पट्टी घेऊन चौथा रकाना आखला: कोण काय म्हणालं. आता अवस्था अशी आहे, की पहिले तीन रकाने दोन ओळींत आटपतात आणि चौथ्याला पुरवणी चिकटवावी लागते.

यंदाच्या संध्याकाळच्या बॅचला तिघंच. भातसानगरचे जाधवकाका, धरणावर पाण्याची पातळी नोंदवतात. मुरबाडचा विलास, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आणि कमल, खर्डीच्या पुढच्या एका आश्रमशाळेत कंत्राटी लिपिक. ती तिथल्याच पाड्यावरची, त्याच शाळेत शिकलेली.

जाधवकाका हौस म्हणून येतात, विलास धंद्यात उपयोग होईल म्हणून. कमलचं तसं नव्हतं. शाळेला नवा कॉम्प्युटर मिळाला होता. मुलांची नोंद त्यावर झाली पाहिजे, असं वरून पत्र आलं होतं. हेडसर तिला म्हणाले, "प्रोग्राम तू करून दाखवलास तर तुझी जागा राहील. नाहीतर ठाण्याहून ऑपरेटर मागवावा लागेल, आणि दोघांना ठेवता येणार नाही." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अधिकारी बघायला येणार होते. ती आली तेव्हा जून उजाडला होता.

*

कमलची पहिली अडचण. यादीत दहा नावं दिसायला हवी होती, एकच दिसत होतं. दोन संध्याकाळी मी तिचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. चूक म्हणून काही नाही. कॉम्प्युटरचीही तक्रार नाही!

तिसऱ्या दिवशी ती टाईप करत असताना मागे उभा राहिलो. 'एक ते दहा' असं लिहिताना तिची बोटं आकड्यांकडे गेलीच नाहीत. एकच्या जागी तिने इंग्रजी एल मारला, शून्याच्या जागी ओ. पडद्यावर हुबेहूब एक आणि दहा! पण कॉम्प्युटरला ती कुठली तरी दोन नवी नावं वाटली. नव्या नावांची किंमत तो शून्य धरतो, म्हणून शून्यापासून शून्यापर्यंत एकच फेरी मारून तो थांबत होता.

"अगं, एक म्हणून एल कोण मारतं?" मी जरा जोरातच म्हणालो.

कमल हात मांडीवर ठेवून म्हणाली, "सर, टायपिंगला तुमीच शिकवलंत. मशीनवर एकची की नाय, एल मारायचा. चुकले की डस्टर मारायचात टेबलावर."

खरं होतं. तिची टायपिंगची दोन्ही सर्टिफिकेटं माझ्याच क्लासची.

त्या दिवसापासून प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर, न सांगितलेलं नाव दिसलं की अडवणारी ओळ आम्ही घालतो. 'का झालं' या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं.

*

जाधवकाका अतिशय टापटिपीचे. धरणाच्या पातळीचा रोजचा आकडा भरायला त्यांनी एकतीस रकान्यांचा फॉर्म केला. रकाने असे एका रेषेत, की पट्टी लावून बघावं. मग ऑगस्ट महिन्याच्या नोंदी घरून लिहून आणल्या आणि चष्मा पुसत पुसत एकतीसच्या एकतीस भरल्या. फॉर्म बंद केला, कॉम्प्युटरला रुमाल घातला, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म उघडला तर सगळे रकाने रिकामे.

काका खुर्चीतून उठले. "काल माझ्यानंतर या मशीनवर कोण बसलं होतं?"

कोणी बसलं नव्हतं. काकांनी रकाने केले होते, पण त्यातले आकडे कुठे साठवायचे ते प्रोग्रामला सांगायचं राहून गेलं होतं. फॉर्म मिटला की आकडे गेले. मी हे शक्य तितक्या हळू आवाजात समजावत होतो. काका एवढे सज्जन, की माझी समजूत घालायला मान डोलावत होते.

तेवढ्यात विलास मागून म्हणाला, "म्हंजे काका, पाणी सोडलंत, पन धरणाला भिंतच नाय घातली!"

काका पहिल्यांदा मोठ्याने हसले. आमच्या बॅचमध्ये 'सेव्ह करणे' हा शब्द तेव्हापासून बंद झाला. "भिंत घातली का?" असंच विचारतात.

*

विलासची गोष्ट वेगळी. त्याला घाई फार. प्रोग्राम बंद करताना 'खरंच बंद करायचं?' असं विचारतात हे त्याने कुठेतरी पाहिलं आणि आपल्या प्रोग्रामला तो प्रश्न लावला. पण प्रश्न बसवला एका फेऱ्यात, आणि फेऱ्यातून बाहेर पडायची वाट ठेवलीच नाही.

झालं! 'हो' म्हटलं तरी पुन्हा प्रश्न, 'नाही' म्हटलं तरी पुन्हा प्रश्न. मी टायपिंगच्या बॅचला बसलो होतो, मला हाक मारायला त्याला कमीपणा वाटला. वीस-पंचवीस मिनिटं तो हो-हो-हो करत बसला. मग साडेसहाला रोजच्यासारखी लाईट गेली. कॉम्प्युटरची बॅटरी पाच मिनिटं चिवचिवली आणि तीही गेली.

अंधारात विलासचा आवाज आला, "झाला सर, बंद झाला!"

मेणबत्ती लावून मी त्याला फेरा समजावला. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "पन सर, मुरबाडला तर लाईट दोनदा जाते. तिथं हा जास्तीच चांगला चालंल!"

*

ऑक्टोबरात कमलचा प्रोग्राम क्लासमध्ये नीट चालायला लागला. शाळेत चालतो का बघावं म्हणून तिने तो फ्लॉपीवर घेतला, फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या पिशवीत. खर्डी स्टेशनपर्यंत गाडी, पुढे रिक्षा. हेडसर, दोन शिक्षक आणि स्वयंपाकाच्या शेवंताबाई असे सगळे कॉम्प्युटरभोवती जमले.

फ्लॉपीत प्रोग्रामचं चित्र होतं. चित्रावर क्लिक केलं की कॉम्प्युटर म्हणे, असा प्रोग्राम सापडत नाही.

तिने शाळेच्या ऑफिसातून मला फोन केला. मी विचारलं, "चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का?"

"हाय सर."

मग कळलं. डेस्कटॉपवरचं चित्र म्हणजे प्रोग्राम नव्हे. प्रोग्राम कुठे ठेवलाय ते दाखवणारी ती नुसती खूण. कमलने खूण नेली होती, प्रोग्राम शहापुरात माझ्या कॉम्प्युटरमध्येच होता.

फोनवर मागून शेवंताबाईंचा आवाज आला, "काय झाला गो कमल?"

कमल त्यांना म्हणाली, "काय नाय मावशी. घराची पाटी आनली, घर तिकडंच राहिलं."

मग माझ्याशी: "सर, हेडसर म्हनतात, आता एकच महिना."

*

दुसऱ्या खेपेला प्रोग्राम नेला, तर अक्षरं गेली! मराठी अक्षरांचा फाँट आमच्या कॉम्प्युटरवर होता, शाळेच्या नव्हता. सगळ्या फॉर्मवर टिंबं, टोप्या, उलटे कंस.

नेमके त्या दिवशी वरच्या ऑफिसचे एक क्लार्क आले होते. ते पडद्याकडे बघत राहिले आणि कमलला म्हणाले, "ही काय तुमची पाड्यावरची भाषा का?"

शिक्षक हसले. कमल हसली नाही. म्हणाली, "आमची भाषा तुमाला समजली असती, सर. ही मशीनची हाय."

हे तिने मला सांगितलं नाही. शेवंताबाई बाजाराला शहापूरला आल्या होत्या, त्या मुद्दाम क्लासमध्ये येऊन सांगून गेल्या. चौथ्या रकान्यात ही नोंद त्यांच्या नावावर आहे.

फाँटही बरोबर न्यायचा, हे त्यावरून ठरलं. तरी भरताना काही चुकलं की प्रोग्राम ज्या तयार चौकटीत निरोप दाखवतो, तिच्यात मराठी उमटेना, कारण त्या चौकटीचा फाँट आपल्याला बदलता येत नाही. म्हणून कमलने निरोपासाठी स्वतःचा छोटा फॉर्म केला. त्यातले निरोप तिचेच. नाव रिकामं सोडलं तर माझा प्रोग्राम म्हणाला असता, 'कृपया नाव भरावे.' तिचा म्हणे, 'नाव टाक ना गो!'

मी म्हटलं, "अधिकारी बघतील."

ती म्हणाली, "भरनार तर मीच ना सर?"

*

आता परवाची गोष्ट.

नोव्हेंबरात आमचं एका मुद्द्यावर बोलणं झालं होतं. एकच मूल दोनदा भरलं जाऊ नये, याला काय करायचं? नावावर भरवसा नाही. घरी एक नाव, शाळेत एक. मी म्हटलं, "आडनाव, पाडा आणि जन्मतारीख, तिन्ही जुळली की नोंद नाकारायची. जन्मतारीख खोटं बोलत नाही."

कमल जरा थांबली, मग 'बरं सर' म्हणाली. मी वीस मुलांची यादी स्वतः बनवून दिली, कॅलेंडरवरून वेगवेगळ्या तारखा घालून. त्या यादीवर प्रोग्राम उत्तम चालला.

परवा मी तिच्याबरोबर गेलो. अधिकारी शांत गृहस्थ, चहा नको म्हणाले. माझी यादी बघून त्यांनी ती बाजूला ठेवली. "ही नको. पाचवीचं खरं रजिस्टर भरा, माझ्यासमोर."

शिक्षक रजिस्टर वाचायला बसले. पहिल्या मुलीची जन्मतारीख, एक जून. दुसरीची, एक जून. तिसऱ्या मुलाची, एक जून. सालही तेच.

मी हेडसरांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "मीच लिहिल्यात. आईबाप पोर आणून सोडतात. कधीचं विचारलं तर कोणी सांगतं लावणीचं, कोणी सांगतं होळीच्या आधीचं. रजिस्टरात काहीतरी लिहायला तर लागतं."

पाडे तीन, आडनावं दोनच. पाड्याची आणि आडनावाची मिळून पाच जोड्या, आणि तारीख एक! माझ्या नियमाने अख्ख्या पाचवीतली पाच मुलं आत गेली असती आणि बाकीची दारात अडली असती. सहा महिन्यांची तिची मेहनत, आणि ती माझ्या एका वाक्याने बुडणार होती.

दुसऱ्या मुलीला कमलने बटण दाबलं. चौकट उघडली. पण 'नोंद नाकारली' असं तिच्यात नव्हतं. लिहिलं होतं, 'आडनाव, पाडा, तारीख सारखी हाय. पोर तेच का? बघून सांग.' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

कमलने 'नाही' दाबलं. मुलगी आत गेली.

मी वाकून विचारलं, "हे कधी बदललंस?"

"त्याच दिवशी, सर. माझीपन तारीख एक जूनच हाय. पन तुमी एवढं ठामपने म्हनालात..."

तिसऱ्याला चौकट. नाही. चौथ्याला चौकट. नाही. अधिकारी म्हणाले, "बाई, हा प्रत्येक वेळी असंच विचारणार का?"

कमलने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "साहेब, तारीख सगळ्यांची एक हाय. पोर एक नाय."

अधिकारी खुर्ची पुढे ओढून बसले. मी सवयीने मोजत होतो. सव्वीस वेळा 'नाही' झालं. पुढचं नाव वाचलं गेलं, चौकट उघडली, आणि कमलचा हात थांबला. तिने शिक्षकांना नाव पुन्हा वाचायला लावलं. बापाचं नाव विचारलं. मग 'हो' दाबलं. नोंद झाली नाही.

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ही मघाशी आली साहेब, नवव्या नंबरला. गेल्या सालच्या दिवाळीनंतर आईबापासंगं वीटभट्टीवर गेली, जूनमधे परत आली. तेव्हा हिला नव्यानं दाखल केली. जुनं नाव तसंच राहिलं. घरी चिमी म्हनतात, तेच नाव लिहिलंय इथं."

हेडसरांनी रजिस्टर पुढे ओढून नववी ओळ बघितली.

उरलेल्या नऊ मुलांना नऊ वेळा 'नाही' झालं.

अधिकारी उठून पाचवीच्या वर्गात गेले. ते येणार म्हणून त्या दिवशी कोणी गैरहजर नव्हतं. त्यांनी दारात उभं राहून बोटाने मुलं मोजली, मग मागच्या भिंतीकडून पुन्हा मोजली. रजिस्टरात एक्केचाळीस होती. कॉम्प्युटरमध्ये चाळीस. वर्गात चाळीस.

ठाण्याला ऑपरेटरसाठी पत्र गेलं नाही. कमलची नेमणूक आणखी एका वर्षासाठी झाली.